एव्हरेस्ट बेस कॅम्पला जरूर जा, पण आधी मुलीच्या नावाची ती पॉलिसी कपाटातून काढा

मोशीहून एका वाचकांचं पत्र आलंय, लांबलचक आणि अगदी मनापासून लिहिलेलं. वय ३९, चाकणला नोकरी, हातात महिन्याला ९२ हजार. घरी मिसेस, ९ वर्षांची मुलगी आणि ४ वर्षांचा मुलगा, आई-वडील गावी. तिशी लागली तेव्हा त्यांनी एका वहीत ३० गोष्टींची यादी केली, आयुष्यात करायच्याच म्हणून, त्यातल्या ११ झाल्या. येत्या एप्रिलमध्ये चाळिशी लागतेय आणि त्या दिवशी त्यांना एव्हरेस्ट बेस कॅम्पला असायचंय. खर्च १ लाख १० हजार. पीपीएफमधून काढू की पर्सनल लोन घेऊ, एवढाच प्रश्न आहे. सोबत बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने एक प्लॅन सुचवलाय, वर्षाला १ लाख भरत जा, पुढे दरवर्षी यादीतली एक इच्छा पूर्ण होईल, तो घेऊ का असंही विचारलंय.

आधी विचारलेलं संपवतो. पर्सनल लोन नको, फिरायला जाण्यासाठी १२-१४ टक्क्यांचं कर्ज काढायची तुमच्या घराची परिस्थिती नाहीये. पीपीएफ २०१६ चं आहे म्हणजे नियमाने थोडे पैसे काढता येतील, करही लागणार नाही, पण ७.१ टक्के करमुक्त देणारी तुमच्याकडची ही एक शिस्तीची जागा आहे, तिला हात लावू नका. तुमच्याच आकड्यांवरून ईएमआय २८ हजार, घरखर्च ३०, दोघांची फी १२, गावी ५, विम्याचे हप्ते महिन्याला साडेदहा हजार पडतात आणि २ हजार पीपीएफ, म्हणजे साडेचार हजार असेच कुठेतरी जातात. या महिन्यापासून ते वेगळ्या आरडीत टाका, ऑक्टोबरपर्यंत ५० हजार होतील, उरलेले ६० बोनसमधून. म्हणजे एप्रिलऐवजी ऑक्टोबरच्या अखेरीस जा, पावसाळ्यानंतरचा तो सीझन ट्रेकसाठी चांगलाच असतो, हवा स्वच्छ असते. चाळिसाव्या वाढदिवसाच्या दिवशीच तिथे पोचायचं हे राहील, मला कळतंय की तुम्हाला ते लागेल, पण सहा महिन्यांसाठी कर्ज नको.

बँकेच्या प्लॅनचंही दोन मिनिटांत होईल. १० वर्षं दरवर्षी १ लाख भरायचे, मग दोन वर्षं थांबायचं आणि तेराव्या वर्षापासून १० वर्षं दरवर्षी १ लाख ९० हजार मिळणार. म्हणजे तुमचा प्रत्येक लाख बरोबर १२ वर्षांनी १.९ लाख होऊन परत येतो. ७२ ला वर्षांनी भागलं की पैसे दुप्पट व्हायला लागणारा व्याजदर साधारण कळतो, ७२ भागिले १२ म्हणजे ६, ६ टक्क्यांनी पैसे १२ वर्षांत दुप्पट होतात, इथे तर दुप्पटही होत नाहीयेत, म्हणजे साडेपाच टक्के. 'गॅरंटीड', 'टॅक्स फ्री', 'जवळजवळ डबल' असे तीन शब्द एकापाठोपाठ ऐकले की माणूस टक्केवारी विचारायचंच विसरतो, आणि ती सांगितली तर कोणी घेणार नाही म्हणून विकणारा सांगत नाही. याचा मला गेली कित्येक वर्षं मनापासून राग येतोय. आज १ लाख १० हजारांचा ट्रेक ६ टक्के महागाईने १२ वर्षांनी २ लाख २० हजारांचा झालेला असेल आणि तुमच्या हातात १ लाख ९० हजार पडतील, तेही वयाच्या ५१ व्या वर्षी. एक इच्छासुद्धा पूर्ण होत नाही. शिवाय वर्षाला १ लाख म्हणजे महिन्याला आठ हजारांवर, तुमच्याकडे शिल्लक साडेचार. घेऊ नका.

आता जे तुम्ही विचारलंच नाहीये त्याकडे येतो, कारण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडकलो. मधे एका वाक्यात तुम्ही लिहिलंय, 'गेल्या वर्षी बीपीची गोळी सुरू झाली म्हणून पुढे ढकलायचं नाहीये.' आणि शेवटी, 'विम्याचं काही बघायला नको, तीन पॉलिसी आहेत, वर्षाला १ लाख २६ हजार भरतो.' सोबत तिन्हींच्या पहिल्या पानाचे फोटो पाठवलेत, ते पाठवलेत हे फार बरं केलंत.

त्यातल्या दोन एंडोमेंट, म्हणजे विमा आणि मुदतीनंतर पैसे परत अशा जोड पॉलिसी आहेत, एक २०१४ ची आणि एक २०१७ ची, दोन्ही वीस वर्षांच्या, प्रत्येकी ५ लाखांचं कव्हर आणि २६ हजार हप्ता. तिसरी २०१९ मध्ये मुलगी तीन वर्षांची असताना घेतलेली 'शिक्षणाची पॉलिसी', हप्ता ७४ हजार, कव्हर १० लाख. पण त्या पानावर 'लाइफ अश्युअर्ड', म्हणजे विमा कोणाच्या आयुष्याचा, या शब्दांपुढे कोणाचं नाव आहे ते बघितलंत का? मुलीचं आहे. रायडरचा, म्हणजे जादा घेतलेल्या सोयींचा, रकाना रिकामा आहे, म्हणजे तुमचं काही झालं तर पुढचे हप्ते माफ होतील अशीही सोय दिसत नाही. सगळ्यात मोठा हप्ता तुम्ही ज्या विम्याचा भरताय, तो नऊ वर्षांच्या मुलीच्या आयुष्यावर आहे. विमा कमावणाऱ्याचा काढायचा असतो, कारण तो गेला तर घराचं उत्पन्न जातं. मुलांच्या बाबतीत आईबापांना पैशांची भरपाई नकोच असते हो, त्या नुकसानीला भरपाई नसतेच. हे ज्याने विकलं त्याला हे माहीत होतं.

वाईट वाटून घेऊ नका पण हिशोब करावाच लागेल. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर वहिनींच्या हातात काय येईल बघू. दोन पॉलिसींचे १० लाख आणि जमलेला बोनस धरा ४ लाख, पीएफला जोडलेला विमा जास्तीत जास्त ७ लाख, पीएफचे तुम्ही लिहिलेले ९, पीपीएफचे ६, एफडीचे दीड. झाले साडेसदतीस लाख. गृहकर्ज बाकी ३१ लाख, कर्जाचा विमा घेतलेला नाही असं तुम्हीच लिहिलंय. उरले साडेसहा लाख. घरखर्च, फी आणि गावचे मिळून महिन्याला ४७ हजार, वहिनींच्या ट्यूशनचे १२ हजार वजा केले तरी ३५ हजार कमी पडतात. साडेसहा लाख भागिले ३५ हजार, दीड वर्ष. पीएफची पेन्शन काही हजार येईल, त्याने आणखी काही महिने ओढले जातील. तेव्हा तुमचा मुलगा जेमतेम पहिलीत असेल.

माझ्याकडे एकदा एक ताई आल्या होत्या, हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात नऊ पॉलिसी. त्यांचे मिस्टर वर्षाला दीड लाखाच्या वर हप्ते भरायचे आणि नऊ पॉलिसींचे मिळून आले १३ लाख. त्या मला सारखं विचारत होत्या की इतके हप्ते भरले मग विमा इतकाच कसा, आणि मी काय उत्तर देणार होतो? मला ती पिशवी अजून दिसते, म्हणून तुमच्या ट्रेकच्या प्रश्नावर मी हे सगळं लिहितोय.

तुम्हाला दीड कोटींचं टर्म कव्हर हवंय, म्हणजे मुदतीत काही झालं तरच घरच्यांना पैसे देणारा, परतावा नसलेला साधा विमा. वर्षाला ६ लाख खर्च धरला आणि वीस वर्षं धरली, व्याज आणि महागाई एकमेकांना खातील असं समजून, तर १ कोटी २० लाख, अधिक कर्ज ३१. कंपनीचा ग्रुप विमा असेल तर तो यात धरू नका, तो नोकरीबरोबर जातो. साठीपर्यंतची मुदत पुरे. बीपी नसतं तर हप्ता २५-३० हजारांत बसला असता, आता कंपनी तपासण्या करेल, थोडा जास्त लावेल, ३५-४० हजारांची तयारी ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी शून्य झालाय, तेवढा दिलासा आहे. आणि कृपा करून फॉर्मवर बीपी लपवू नका, कोणी एजंट म्हणेल की गोळी छोटी आहे, लिहू नका, त्याचं ऐकू नका. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षांत खोटी माहिती सापडली तर कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि तो नकार वाचायला तुम्ही नसता, वहिनी असतात. उंचावरच्या ट्रेकला जाता तेही लिहा, विचारतात.

पॉलिसी मॅरीड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्टखाली घ्या. कायदा १८७४ चा आहे पण फार उपयोगाचा, पैसे थेट बायकोचे आणि मुलांचे होतात, कर्ज देणारी बँक किंवा दुसरं कोणी त्यावर हक्क सांगू शकत नाही. हे पॉलिसी घेतानाच सांगावं लागतं, नंतर करता येत नाही.

पैसे कुठून येणार? याच तीन पॉलिसींतून. २०१४ ची चालू ठेवा, आठ-नऊ हप्ते राहिलेत, आता तिला मधे सोडण्यात फारसा अर्थ नाही. २०१७ ची आणि मुलीची पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद, कव्हर भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होतं, आजवर जमलेला बोनस राहतो आणि मुदतीला पैसे मिळतात. सरेंडर करू नका, म्हणजे पॉलिसी मोडून आत्ताच पैसे घेऊ नका, त्यात बरंच कापतात. पण क्रम चुकवू नका, आधी नवी टर्म पॉलिसी हातात येऊ द्या, मगच हे हप्ते थांबवा, बीपीमुळे एखादी कंपनी नाही म्हणाली तर मधल्या काळात आहे ते १० लाखांचं छत्रही कमी व्हायला नको.

वर्षाला १ लाख मोकळे झाले. ४० टर्मला गेले, ६० उरले, म्हणजे महिन्याला ५ हजार, ते मुलीच्या शिक्षणासाठी साध्या इंडेक्स फंडाच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडाच्या, एसआयपीत दरमहा. ९ वर्षांत १० टक्क्यांनी ८ लाख ७० हजार होतात. तुम्ही १५ टक्के धरलेत आणि त्यावर तिच्या जर्मनीच्या शिक्षणाचं गणित मांडलंय, ते १५ खोडा. शेअर बाजार एखाद्या वर्षी १५ काय ३० देतो, पण मुलीच्या ॲडमिशनच्या वर्षी काय देईल ते कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून शेवटच्या दोन-तीन वर्षांत ते पैसे हळूहळू एफडीत आणायचे.

एफडीचे दीड लाख आजारपणासाठी आणि नोकरीच्या खंडासाठी आहेत, त्यांना हात नको, ते वाढवायचेत. दर पगारवाढीत निम्मी वाढ आधी तिकडे.

यादीबद्दल थोडं. ज्या ११ गोष्टी झाल्या त्या मी बघितल्या, देहूपासून पंढरपूरपर्यंत पायी वारी, ५० किल्ले, २५ वेळा रक्तदान, वडिलांबरोबर एक पूर्ण शेतीचा हंगाम. मला खरंच भरून आलं. यातल्या एकालाही पैसे लागले नाहीत म्हणावं इतका खर्च कमी. उरलेल्या १९ मध्ये हार्मोनियम आहे, हाफ मॅरेथॉन आहे, पैशांच्या अशा पाच-सहाच आहेत, त्यामुळे यादीला प्लॅन वगैरे घ्यायची गरजच नाही. फक्त 'पन्नाशीत रिटायर' पुढे तुम्ही बरोबरची खूण करायची जागा ठेवलीय आणि तुमचं कर्ज फिटणार ५७ व्या वर्षी. तुमच्या पन्नाशीला मुलगी १९-२० ची, मुलगा १४-१५ चा. ती ओळ आत्ता पेन्सिलीने लिहा.

आणि एक. 'मिसेसला यातलं फार कळत नाही' असं लिहिलंयत. त्याच पत्रात लिहिलंय की त्या बीएड आहेत, दुसऱ्या बाळाच्या वेळी शाळेतली नोकरी सोडली आणि आता दहावीच्या गणिताच्या ट्यूशन घेतात. चक्रवाढ व्याज शिकवणाऱ्या बाईंना हे कळत नाही असं नाही, त्यांना कोणी दाखवलं नाही. या रविवारी तिन्ही पॉलिसी, पीपीएफचं पासबुक, पीएफचा यूएएन म्हणजे खात्याचा नंबर, कर्जाचं स्टेटमेंट एकत्र घेऊन दोघं बसा, सगळीकडे नॉमिनी कोण आहे ते बघा. पीपीएफला तुम्ही आईचं नाव दिलंय ते तुमच्या फोटोतच दिसतंय, वहिनींना ते माहीत आहे का? तुम्ही सोळा दिवस डोंगरात असाल तेव्हा दोन मुलं आणि शाळा-ट्यूशन त्याच सांभाळणार आहेत. त्यांना परत शाळेत जायचंय का, धाकटा पहिलीत गेल्यावर, हे विचारा. त्यांचा पगार पुन्हा सुरू झाला तर वर लिहिलेले सगळे आकडे सैल होतात, कुठल्याही फंडाने होणार नाहीत इतके.

ट्रेकचं राहिलं. डॉक्टरांना गोळीचं नाव आणि ५,३६४ मीटर हा आकडा दोन्ही सांगून लेखी परवानगी घ्या. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना उंचीची मर्यादा वाचा, कित्येक पॉलिसी त्याच्या बऱ्याच खाली थांबतात. काळा पत्थर चढणार असाल तर बेस कॅम्पपेक्षाही वर जाल, म्हणून ६ हजार मीटरपर्यंतचं कव्हर आणि हेलिकॉप्टरने खाली आणायचा खर्च त्यात स्पष्ट लिहिलेला हवा. बीपी तिथेही लिहायचं.