क्रिप्टो सरकारला दिसते का? वाचकांचे प्रश्न

विवरणपत्राचे दिवस आले की हाच एक प्रश्न शब्द बदलून येत राहतो. म्हणून काही पत्रे एकत्र घेतो.

क्रिप्टो बाळगणे गुन्हा आहे का?

नाही. बँकांवर रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. मात्र ते कायदेशीर चलनही नाही.

एका नाण्यात नफा, दुसऱ्यात तोटा. वजावट मिळेल?

नाही. नफ्यावर ३० टक्के कर. तोटा कुठेच वळता होत नाही.

टेलिग्रामवरचा एजंट म्हणतो, पी-टू-पीने (थेट दुसऱ्या व्यक्तीला) यूएसडीटी (डॉलरशी किंमत बांधलेले क्रिप्टो नाणे) विका, थेट खात्यात पैसे येतात, सरकारला पत्ताही लागत नाही. खरे आहे?

साफ खोटे आहे, आणि अशा ऐकीव माहितीवर लोक स्वतःचे खाते पणाला लावतात याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. बिटकॉइन काय किंवा यूएसडीटी काय, व्यवहारांची वही जगात कोणीही उघडून वाचू शकतो. तिथे नाव नसते, अक्षरे-आकड्यांचा पत्ता असतो. त्या पत्त्याला एकदा नाव जोडले गेले की मागचे सगळे उघडे पडते. बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजारातून) २०१६ मध्ये सुमारे १ लाख २० हजार बिटकॉइन चोरीला गेले. अमेरिकी तपास यंत्रणेने माग काढत फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांतले ९४ हजारांहून अधिक ताब्यात घेतले. भारतातही मार्च २०२३ पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आहेत.

खरा धोका पुढे आहे. समोरच्याने पाठवलेले पैसे एखाद्या फसवल्या गेलेल्या निवृत्त माणसाचे असू शकतात. तो १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, पैसे ज्या-ज्या खात्यांतून फिरले ती गोठतात, त्यांत तुमचेही. पगार अडकतो, हप्ता बाऊन्स होतो, परराज्यातल्या पोलीस ठाण्यातून नोटीस येते. एजंटचा फोन तेव्हा बंद असतो. त्याचे कमिशन आधीच सुटलेले असते. खाते गोठले असेल तर बँकेकडून तक्रार क्रमांक लेखी घ्या, ऑर्डर आणि चॅट जपून ठेवा, आणि पोलिसांना उत्तर देण्याआधी वकिलाला दाखवा.

गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तसे सांगितले आहे. पण तो हक्क एजंटकडे विकत मिळत नाही.

डिजिटल रुपया (रिझर्व्ह बँकेचे स्वतःचे डिजिटल चलन) आला की नोटा बंद होणार, असा मेसेज फिरतोय.

नोटा बंद करण्याचा असा कोणताही आदेश नाही. मेसेज पुढे पाठवू नका. किरकोळ वापराची चाचणी १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईसह चार शहरांत सुरू झाली. मात्र त्याचे वॉलेट बँकेमार्फत मिळते, त्यामुळे रोखीइतके निनावी समजू नका. छोट्या खर्चाच्या गोपनीयतेची हमी कायद्यात लिहिलेली हवी, हे माझे ठाम मत आहे.

सीड फ्रेजचा (क्रिप्टो वॉलेट परत उघडणाऱ्या गुप्त शब्दांचा) फोटो गूगल ड्राइव्हवर ठेवू का?

नको. कागदावर लिहा. वारसांचे काय करायचे ते वकिलाला विचारा.

मागची दोन वर्षे क्रिप्टो दाखवलेच नाही.

अद्ययावत विवरणपत्र भरता येते, पण जादा कर उशिराबरोबर चढतो : २५ टक्क्यांपासून पुढे ५०, ६०, ७०. नोटीस आल्यावर ही वाट अरुंद होते. एक्स्चेंजचे पूर्ण स्टेटमेंट आणि पासबुक घेऊन याच आठवड्यात सीएकडे जा.