आरएचसीएसए नापास झाले, पुन्हा फी भरू का?

प्रश्न : मी लातूरची. बीएस्सी (कॉम्प्युटर सायन्स) झाल्यावर सहा महिने घरीच अभ्यास करून रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए ही लिनक्स सर्व्हर सांभाळण्याची परीक्षा दिली. जवळजवळ सगळे प्रश्न वेळेत सोडवले, तपासले तेव्हा सगळं चालत होतं. तरी 300 पैकी 94 गुण आले. फीसाठी आईने भिशी उचलली होती. मैत्रीण म्हणते, नेटवर तेच प्रश्न विकत मिळतात, ते पाठ कर. बाबा म्हणतात, पुण्यात क्लास लाव. काय करू? सोबत गुणपत्रक पाठवत आहे.

उत्तर : आधी तुझ्या गुणपत्रकाबद्दल बोलू, कारण क्लास लावायचा की नाही ते त्यावरच ठरेल. स्टोरेजमध्ये शून्य आहे, हे एक वेळ समजू शकतं. पण युजर आणि ग्रुप या विभागातही शून्य? सहा महिने अभ्यास केलेल्या मुलीला एक युजर तयार करता येत नाही, हे मला पटत नाही. मला यात एकच शक्यता दिसते. तुझं एक मशीन रीबूट झाल्यावर, म्हणजे बंद होऊन पुन्हा सुरू होताना, उठलंच नाही.

या परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात. खऱ्या मशीनवर काम करायचं असतं आणि केलेलं सगळं रीबूटनंतरही, कुणी हात न लावता, जसंच्या तसं टिकावं ही अट असते. डिस्कचं पार्टिशन केलंस, फॉर्मॅट केलंस, माउंट केलंस म्हणजे सिस्टीमला जोडलंस, सगळं डोळ्यांसमोर चालू होतं. पण सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी असलेल्या एफस्टॅबच्या फाइलमध्ये यूयूआयडीचं, म्हणजे डिस्कच्या ओळख क्रमांकाचं, एक अक्षर चुकलं, तरी पुढच्या वेळी सिस्टीम ती डिस्क शोधत बसते, मग थांबते आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाते. मशीनच सुरू झालं नाही, तर त्यावरचे युजर, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), परवानग्या तपासणार कशा? पंधरा कामं बरोबर आणि एक ओळ चूक, तरी गुण जातात ते त्या मशीनवरच्या सगळ्यांचेच.

हा काही परीक्षकांचा हट्ट नाही. मी या मार्गदर्शनाकडे वळण्यापूर्वी बरीच वर्षं सर्व्हर सांभाळले. एका कंपनीत, आधी कुणीतरी एफस्टॅबमध्ये केलेली चूक कित्येक महिने कुणाच्या लक्षातच आली नव्हती, कारण तो सर्व्हर त्या काळात बंदच झाला नव्हता. एका रात्री पॅच टाकून आम्ही तो रीबूट केला आणि पहाटेपर्यंत कन्सोलसमोर बसून राहिलो. सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून लोकांना हवं असतं ते हेच, की रात्री वीज गेली तरी सकाळी सगळं आपोआप उभं राहावं.

म्हणून आता अभ्यासाची पद्धत बदल. तुझ्या 8 जीबीच्या लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक) आरामात चालतील. ग्राफिकल डेस्कटॉप न टाकता प्रत्येकी 2 जीबी रॅम दे आणि दोन-तीन छोट्या रिकाम्या डिस्क जोड. रेड हॅटच्या लिनक्ससारखेच रॉकी लिनक्स किंवा अल्मालिनक्स फुकट आहेत. रेड हॅटचं वैयक्तिक डेव्हलपर सबस्क्रिप्शनही फुकट मिळतं, त्यात खुद्द आरएचईएल, म्हणजे रेड हॅटचं लिनक्स, वापरता येतं. कोरं मशीन तयार झालं की स्नॅपशॉट घे, म्हणजे ती स्थिती जतन करून ठेव, आणि रोज तिथूनच सुरुवात कर. एकही काम रीबूट करून पाहिल्याशिवाय ‘झालं’ म्हणू नकोस. एफस्टॅबला हात लावलास की आधी ‘माउंट’ला ‘ए’चा पर्याय देऊन चालव. चूक असेल तर ती तिथेच कळते.

अशाच रीबूटनंतर दगा देणाऱ्या आणखी काही जागा आहेत. फायरवॉलचा नियम ‘परमनंट’ न म्हणता टाकलास तर तो तेवढ्यापुरताच राहतो. सर्व्हिस ‘स्टार्ट’ केलीस पण ‘एनेबल’ केली नाहीस, तर तीही तशीच. एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेचं बूलियन (चालू-बंद करायची सेटिंग) बदलताना मोठा ‘पी’ दिला नाही, तर बदल पुसला जातो. रूटचा, म्हणजे मुख्य युजरचा, पासवर्ड रीसेट करताना शेवटी ऑटोरीलेबलची (फाइलींना एसईलिनक्सची लेबलं पुन्हा लावायला सांगणारी) रिकामी फाइल तयार करायला विसरलीस, तर नवा पासवर्ड बरोबर असूनही एसईलिनक्स तुला आत घेत नाही.

एलव्हीएमवर, म्हणजे डिस्कची जागा हवी तशी वाटून घेण्याच्या पद्धतीवर, मात्र वेगळे चार-पाच दिवस दे. ‘एलव्हीक्रिएट’मध्ये लहान ‘एल’ म्हणजे एक्स्टेंटची (जागेच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांची) संख्या आणि मोठा ‘एल’ म्हणजे आकार, हा घोळ फार मुलं करतात. एक्स्टेंट 16 एमबीचा ठेवून 50 एक्स्टेंटचा व्हॉल्यूम मागितला असेल तर तो 800 एमबीचा होतो. हा हिशोब कागदावर करायची सवय लाव. एक्सएफएस ही फाइल सिस्टीम वाढवता येते, कमी करता येत नाही. तेव्हा आकार चुकून मोठा झाला, तर व्हॉल्यूम काढून पुन्हा करणं हाच मार्ग उरतो.

परीक्षेत इंटरनेट नसतं, पण मॅन पेज, म्हणजे लिनक्समधलीच मदतीची पानं, असतात. सराव करतानाही वाय-फाय बंद ठेव. नेटवर्कसाठी ‘एनएमसीएलआय-एक्झाम्पल्स’ नावाचं पानच आहे, एसईलिनक्सच्या ‘सीमॅनेज-पोर्ट’च्या पानात तयार उदाहरणं आहेत, क्रॉनची मांडणी पाचव्या विभागातल्या ‘क्रॉनटॅब’मध्ये सापडते. कुठलं पान कुठे आहे हे माहीत असलं की कमांड पाठ करायचं ओझं बरंच उतरतं. तुझं इंग्रजी कच्चं असल्याची काळजी तू पत्राच्या शेवटी लिहिली आहेस. ही पानं रोज वाचत गेलीस तर तेवढं इंग्रजी आपोआप येईल, वेगळा कोर्स नको.

मैत्रिणीचा सल्ला ऐकू नकोस. परीक्षेला बसताना प्रश्न गुप्त ठेवण्याचा करार तू मान्य केला आहेस, आणि विकतचे प्रश्न घोकून पास झालीस तरी मुलाखतीत पाच मिनिटांत उघडं पडतं. तिथे विचारतात, जागा मोजणाऱ्या दोन कमांडपैकी ‘डीएफ’ डिस्क भरली म्हणतं आणि ‘डीयू’ म्हणतं जागा आहे, असं का? उत्तर असं की डिलीट केलेली फाइल एखाद्या प्रोसेसने अजून उघडी धरलेली असते. ज्याने हे स्वतःच्या मशीनवर करून पाहिलंय, त्यालाच ते सहज सांगता येतं.

पुण्याच्या क्लासचं म्हणशील तर आत्ता नको. तुझी अडचण विषय न समजण्याची नाही, आणि तिथली फी, खोलीभाडं, मेसचा खर्च आईवर कशाला? ते पैसे दुसऱ्या प्रयत्नासाठी राखून ठेव. फी भरण्यापूर्वी परीक्षा आरएचईएलच्या कोणत्या आवृत्तीवर आहे ते रेड हॅटच्या संकेतस्थळावर बघ. आवृत्तीप्रमाणे अभ्यासक्रम बदलतो. आवृत्ती 9 मध्ये पॉडमॅन या साधनाचे कंटेनर (अ‍ॅप वेगळं चालवायची पेटी) होते, म्हणून जुन्या व्हिडिओंवर विसंबू नकोस.

बाबांनाही एक गोष्ट स्पष्ट सांग. हे प्रमाणपत्र तीन वर्षं वैध असतं आणि त्याने मुलाखतीचं दार उघडतं, नोकरी हातात पडत नाही. पहिली नोकरी बहुधा एल-वन, म्हणजे पहिल्या पायरीच्या, सपोर्टची असेल, रात्रपाळी असेल, अलर्ट बघायचे आणि तिकिटं पुढे पाठवायची. एक-दीड वर्ष ते मन लावून केलंस, जोडीला शेल स्क्रिप्ट आणि अ‍ॅन्सिबल (अनेक सर्व्हरवरची कामं आपोआप करणारं साधन) शिकलीस, की आरएचसीई या रेड हॅटच्या पुढच्या परीक्षेकडे जाता येईल. ती परीक्षा अ‍ॅन्सिबलवरच असते.

आता सहा आठवडे घे. शेवटच्या दोन आठवड्यांत एक दिवसाआड तीन तासांचं घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडव, आणि शेवटची वीस मिनिटं फक्त रीबूट करून तपासायला ठेव. असे सलग चार पेपर दोन्ही मशीन विनातक्रार उठून पार पडले की आईला सांग आणि फी भर. निकाल आल्यावर गुणपत्रक मला नक्की पाठव. मी स्टोरेजचा आकडा सगळ्यात आधी बघेन.