रिॲक्टर राहू दे, आधी पोरीशी बोला

खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. नौदलात इंजिन रूममध्ये नोकरी केली, शेवटची काही वर्षं कारवारला होते, आता निवृत्त. मुलगी बेळगावात पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला, सायन्सला. दहावीला मराठी माध्यमातून 91 टक्के. फर्स्ट इयरला फिजिक्समध्ये 64, मॅथ्समध्ये 58. त्यांचं म्हणणं असं की, दहा वर्षांत युद्धनौका ट्रकमध्ये मावणाऱ्या फ्यूजन (म्हणजे अणू जोडून ऊर्जा काढणाऱ्या) रिॲक्टरवर धावतील, लेसर तोफाही त्यावरच चालतील, म्हणून मुलीने आत्तापासूनच फ्यूजन इंजिनिअर व्हायची तयारी करावी. परराज्यातली एक खासगी संस्था तसा कोर्स देते. फीसाठी जांबोटीकडची काजूची बाग गहाण टाकायची आहे. 'निर्णय योग्य आहे ना, एवढंच कळवावे.'

सप्रेम नमस्कार.

निर्णय योग्य नाही. बाग गहाण टाकू नका.

तुमच्या चार पानांपैकी दोन पानं रिॲक्टरची आहेत, अर्धं पान बागेचं. मुलीची इच्छा काय, ते कुठेच नाही. ती भेटते दोन ठिकाणी. एक ओळ अशी: 'पहाटे चारला उठवतो, मोबाईल माझ्याकडेच असतो, परवा ताटावरून रडत उठली, पण ते वयाचंच.' वयाचं नाही हो ते. सेकंड इयरची पोरगी भरल्या ताटावरून उठते तेव्हा घरात काहीतरी फार ताणलं गेलेलं असतं. झोप, जेवण, बोलणं यांतलं काय काय कमी झालंय ते तिच्या आईला विचारा, तिला नक्की माहीत असेल. गरज वाटली तर मनाच्या आरोग्यासाठी टेलीमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, तिथे बोलायला लाजू नका.

मार्कांचं तुम्ही 'लक्ष नाही' असं निदान करून टाकलंत. आपल्या भागातली किती पोरं मी बघतो! दहावीपर्यंत सगळं मराठीत, वर कन्नडची कसरत, आणि जूनमध्ये पीयूसीच्या वर्गात एकदम इंग्रजी. 'वेग' आणि 'त्वरण' पाठ असलेल्या पोरीसमोर व्हेलॉसिटी आणि ॲक्सिलरेशन येतं, आणि सर ते एका दमात सांगून पुढे जातात. पहिल्या वर्षी मार्क खाली येणं हे आपल्याकडचं नेहमीचं दुखणं आहे. त्यावर चारचा गजर हा उपाय नव्हे. दोन्ही भाषांतली पुस्तकं शेजारी ठेवून शिकवणारा एखादा माणूस शोधा.

आता रिॲक्टर. तुम्ही ज्या व्हिडिओचं वर्णन केलंय तो 2014 चा दिसतो. लॉकहीड मार्टिन कंपनीने तेव्हा जाहीर केलं होतं की ट्रकवर मावेल असा, 100 मेगावॉटचा फ्यूजन रिॲक्टर करतो, नमुना पाच वर्षांत. पाच वर्षं केव्हाच उलटली, नमुना आला नाही, पुढे तो प्रकल्पही गुंडाळला गेला. 2019 मध्ये अमेरिकी नौदलाच्या एका अभियंत्याचा छोट्या फ्यूजन यंत्राच्या पेटंटचा अर्ज प्रसिद्ध झाला, त्यावरही असलेच व्हिडिओ निघाले. पेटंटच्या कागदावर जहाज चालत नाही, हे इंजिन रूमच्या माणसाला मी काय सांगायचं? बाजारात तुरी, तसलाच प्रकार हा, आणि मार बसतोय तुमच्या पोरीला.

एक गैरसमज मात्र नीट काढायला हवा, कारण तुमचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. 'अरिहंतवर अणुभट्टी बसलीच आहे, पुढची पायरी फ्यूजन' असं तुम्ही लिहिलंय. अरिहंत या आपल्या पाणबुडीतली 83 मेगावॉटची भट्टी युरेनियमचे अणू फोडते. हे तंत्र जगाला 1942 पासून ठाऊक, अमेरिकेची नॉटिलस पाणबुडी 1955 मध्ये त्यावर निघाली. तरी आपल्याला अरिहंत 2009 मध्ये पाण्यात उतरवल्यावर भट्टी पेटवायला 2013 उजाडलं आणि नौदलात दाखल करायला 2016. फ्यूजनमध्ये हलके अणू जोडायचे असतात, त्यासाठी दहा कोटी अंशांच्या वरचं तापमान लागतं, आणि त्यातून आजवर जगात कुठेही विजेच्या तारेत एक युनिट गेलेलं नाही. डिसेंबर 2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेने इंधन ठेवलेल्या डबीवर 2.05 मेगाज्यूल लेसर टाकून 3.15 मेगाज्यूल मिळवले. पेपरात 'खर्चापेक्षा जास्त ऊर्जा' असं छापून आलं, ते तेवढ्यापुरतं खरंच होतं. पण तो लेसर पेटवायला वीज लागली होती 300 मेगाज्यूलच्या आसपास. फ्रान्समध्ये सात भागीदार मिळून आयटर नावाचा फ्यूजन रिॲक्टर उभारतायत, भारतही त्यात आहे. नव्या वेळापत्रकाप्रमाणे तिथलं संशोधन 2034 मध्ये सुरू व्हायचंय, आणि तोही वीज तयार करणार नाही, प्रयोगच करणार. शिवाय ड्युटेरियम-ट्रिटियमच्या (हायड्रोजनच्या दोन जड प्रकारांच्या) फ्यूजनमधून सुटणारे न्यूट्रॉन विखंडनातल्या, म्हणजे अणू फोडण्यातल्या, सरासरी न्यूट्रॉनपेक्षा कितीतरी जोरकस असतात. त्यांना अडवायला, आणि ट्रिटियम पुन्हा तयार करायला, भट्टीभोवती मीटरभर जाडीचं कवच लागतं. यंत्र लहान केलं म्हणून कवच त्या प्रमाणात पातळ होत नाही. पाणबुडीत एकेका टनाचा हिशेब कसा होतो ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय.

लेसर तोफेसाठी तर फ्यूजनची वाटच बघायला नको. अमेरिकी नौदलाने साठ किलोवॉटच्या वर्गातला लेसर बसवलाय तो साध्या गॅस टर्बाइनवर चालणाऱ्या विनाशिकेवर. विजेवर गोळा फेकणारी रेलगन त्यांनी 2021 मध्ये बाजूला ठेवली, आणि तिथे एक मोठी अडचण होती नळी झिजण्याची. फ्यूजनमध्येही तेच: न्यूट्रॉनचा एवढा मारा वर्षानुवर्षं सोसेल असा धातू अजून हाती नाही. गाडी अडते ती बऱ्याचदा धातूपाशी.

म्हणून मला तुमच्या पत्रातली दुसरी जागा जास्त महत्त्वाची वाटली. तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीय. 'रविवारी उद्यमबागेत मामाच्या फौंड्रीत जाऊन बसते, मी बंद केलं. तिथलं एक फुटकं कास्टिंग घरी आणून खिडकीत ठेवलंय, टॉर्च लावून भोकात बघत बसते.' मी हे दोनदा वाचलं. कास्टिंग म्हणजे साच्यात धातू ओतून केलेला भाग. त्यातल्या भोकाची आतली बाजू गुळगुळीत, गोलसर असेल तर बहुतेक वायू अडकलेला असतो. खडबडीत, दातेरी असेल तर धातू आकसताना वरून रस पुरा पडलेला नसतो, म्हणजे रायझर (साच्याला जादा रस पुरवणारा भाग) चुकला. पोरगी टॉर्च लावून हेच शोधत असेल तर ती अभ्यास टाळत नाहीये. कुणी न सांगता ती मेटलर्जीचा, म्हणजे धातुशास्त्राचा, पहिला धडा गिरवतेय. मामाला विचारा, ती तिथे काय प्रश्न विचारते. तुमच्या चार पानांत तिच्या आवडीचा पुरावा हा एकच आहे, आणि नेमका तोच तुम्ही बंद केलात.

आता हे वाचून 'चला, मेटलर्जी, मग त्यातून फ्यूजन' असं ठरवू नका. तुमचा स्वभाव पत्रावरून कळतो, तुम्ही उद्या सकाळी हेच कराल. आयटरचं तीस मीटर उंच स्टीलचं क्रायोस्टॅट (यंत्राभोवतीचं निर्वात, थंड ठेवणारं भांडं) गुजरातेत हझिराला एल अँड टीने केलं, तेव्हा धातूच्या माणसांना त्या क्षेत्रात जागा आहे हे खरंच. पण तिला कदाचित फक्त कास्टिंग आवडत असेल. कदाचित मामाकडे कुणी चारला उठवत नाही, एवढंच आवडत असेल. तिला विचारल्याशिवाय मलाही कळणार नाही.

वाटा तुम्हाला माहीतच असतील: केसीईटी, कॉमेडके, जेईई या प्रवेशपरीक्षा, आणि सीमाभागातल्या, दहावी-बारावी इथेच केलेल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या सीईटीत वेगळी सोय आहे, तिचे कागद आत्ताच जमवून ठेवा. सुरतकलच्या एनआयटीत मेटलर्जी आहे, पुण्याच्या सीओईपीतही आहे. फ्यूजनचंच वेड तिला स्वतःला असेल तर गांधीनगरजवळची प्लाझ्मा संशोधन संस्था बघा, तिथे 1989 मध्ये आदित्य नावाचं फ्यूजनचं यंत्र सुरू झालं. तिकडे माणसं जातात ती फिजिक्स, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल अशी साधी पदवी पक्की करून. सतराव्या वर्षी 'फ्यूजन इंजिनिअर' असा शिक्का मारून घ्यायची गरज कुणालाच नाही. नौदल हवं असेल तर एनडीए 2022 पासून मुलींनाही खुली आहे, पण हवं असेल तर, आणि तिला.

एक गोष्ट लिहू का? 'मी आयुष्यभर खाली इंजिनपाशी राहिलो, तिने वर जावं' असं तुम्ही लिहिलंय. त्यातली कळकळ मला समजते. पण खाली तुम्ही जे केलंत त्याच्या जिवावर वरचे लोक जहाज चालवत होते, आणि ते काम तुम्हाला आवडायचं हे तुमच्या पत्रातल्या दर दुसऱ्या ओळीत दिसतं. तिला बॉयलरच्या गोष्टी कधी सांगितल्यात का? रिॲक्टरच्या ऐवजी त्या सांगा.

या रविवारी तिला उद्यमबागेत जाऊ द्या. पुढचं पत्र तिने लिहावं, मराठीत लिहिलं तरी चालेल, आणि ते तुम्ही आधी वाचू नका. आणि त्या संस्थेला काही आगाऊ रक्कम दिली असेल तर पावती शोधा, प्रवेश मागे घ्यायची मुदत कुठल्या तारखेला संपते ते लेखी मागवा, आणि कोर्सला एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता आहे का ते त्यांच्या माहितीपत्रकावर न जाता परिषदेच्या यादीत बघा. बँकेत त्यानंतरही जाऊ नका.