वेब कादंबरीत मला हिरो-हिरोईनपेक्षा बाजूची माणसं आणि गावच जास्त का आवडतं?

तुमच्या एकट्याचंच असं नाही ओ, माझंही तेच आहे. मी सांगलीचा, रात्री जेवण झालं की मोबाईलवर एक-दोन भाग वाचल्याशिवाय झोप येत नाही.

मला वाटतं खरं कारण असं, की हिरोला काही होणार नाही हे आपल्याला पहिल्या भागापासून माहीत असतं. तो मेला तर उद्याचा भाग कशावर लिहिणार? गैरसमज होणार, रुसवा होणार, शेवटी जमणार. पण त्याचा ड्रायव्हर, आत्या, शेजारचा पोरगा यांचं काहीही होऊ शकतं, फितूर होतील, पळून जातील, नाहीतर मधेच मरतील, म्हणून जीव त्यांच्यात अडकतो. फक्त त्या माणसाला स्वतःचं काम पाहिजे. मार्केट यार्डातला हमाल असेल तर हळदीनं नखं पिवळी झालेली आणि त्याच पिवळ्या अंगठ्यानं तो पोरीचा रिझल्ट मोबाईलवर शोधतोय, एवढं दिसलं तरी बास, मग हिरो त्या भागात नाही आला तरी चालतंय.

गावाचंही तसंच. "कृष्णाकाठचं निसर्गरम्य गाव" असं लिहिलं की मी खाली स्क्रोल करतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटाला इशारा पातळी आणि ४५ फुटाला धोका पातळी, हे ज्याला माहीत आहे तो लेखक पाऊस नुसता रोमान्ससाठी पाडणार नाही. २०१९ चा महापूर बघितलेला दुकानदार पाणी ३५ वर आलं की माल माळ्यावर चढवायला लागतो, त्यात उधारी राहते, साखरपुडा पुढं जातो, भावाभावात भांडण लागतं. तिथं गाव गोष्ट पुढं ढकलतं. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं घ्या, जमिनीखालची कोठारं, उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही कारण आतली हवा जीवघेणी असते. रहस्यकथेला आणखी काय पाहिजे? कुणी लिहित का नाही कळत नाही.

चायनीज कल्टिव्हेशनवाल्या, म्हणजे हिरो साधना करून शक्ती वाढवत जातो तसल्या कादंबऱ्यांवर माझा राग याचसाठी आहे. हिरो वरच्या लेव्हलला गेला की जुने मित्र, गुरु, चहावाला सगळे गायब, नवीन जग नवीन माणसं. कोरियन-चायनीज लेखक मुख्य कथा संपल्यावर बाजूच्या पात्रांचे जादा भाग लिहितात ते मी आवर्जून वाचतो, पण तिथंही बऱ्याचदा त्या बिचाऱ्याचं लग्न लावून मोकळे होतात.