वाळवंटात सगळीकडे सोलर का नको?

प्रश्न : जैसलमेर फिरून आलो. एवढी सरकारी जमीन ओसाड पडलीये, सगळीकडे सोलर लावलं तर काय बिघडेल? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : अहो ती ओसाड दिसते, पण तसं नाहीये. तिथे ओरण आहेत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली गावाची रानं, गुरं तिथेच चरतात, खेजडीच्या झाडाच्या शेंगा, म्हणजे सांगरी, माणसं खातात आणि कागदावर मात्र बऱ्याचदा नुसतं पडीक लिहिलेलं. म्हणून तर डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने राजस्थानला ओरणांचा सर्व्हे करून त्यांना जंगल म्हणून नोंदवायला सांगितलं. शिवाय माळढोक पक्षी विजेच्या तारांना धडकून मरतात, आणि आता उरलेत किती! सोलर हवंच, पण आधी नकाशा करा. कॅलिफोर्नियात सरकारी वाळवंटाचा प्लॅन १९८० लाच झाला, मग २०१६ मध्ये सोलर-पवनचक्क्या कुठे आणि राखीव काय तेही ठरवलं.