नोकरी कुठली घेऊ, कॉन्ट्रॅक्टचे महिना ४५ हजार की पर्मनंटचे ३८ हजार?
अरे, नुसता आकडा बघून भुलू नकोस. ४५ हजारांत कंपनीचा पीएफचा १२ टक्के वाटा धरलाय की वरून देणारेत, हे आधी एचआरला विचार आणि मेलवर लिहून घे. मी हिंजवडीत दोन वर्षं थर्ड पार्टी पेरोलवर होतो, म्हणजे काम एका कंपनीत आणि पगार दुसऱ्याच एजन्सीकडून; स्लिपवर दर महिन्याला पीएफचे १८०० रुपये कापलेले दिसायचे आणि एकदा पीएफचं पासबुक उघडून बघतो तर चार महिने भरलेच नव्हते, ते मिळवताना नाकी नऊ आले. शिवाय प्रोजेक्ट संपला की बेंच वगैरे (पुढचं काम मिळेपर्यंत पगारावर ठेवणं) नाही, थेट घरी. पर्मनंटवाले आई-बाबांना मेडिक्लेममध्ये घेत असतील तर डोळे झाकून तेच घे. कॉन्ट्रॅक्टच करायचं तर सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेव, आणि यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) जुनाच दे, नवीन काढू देऊ नकोस.