फाटर, ब्रूडर आणि 'पि'खालची रेघ

तुम्ही विचारलंय की, संस्कृत ही युरोपीय भाषांची जननी आहे हे विल्यम जोन्सने सिद्ध केलं आणि तिथून ऐतिहासिक भाषाशास्त्र सुरू झालं, हे खरं का? माझ्या मते दोन्ही गोष्टी चूक आहेत.

2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे जोन्स, म्हणजे तिथला इंग्रज न्यायाधीश, एवढंच म्हणाला, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचा उगम एकच असावा आणि ती मूळ भाषा कदाचित आता उरलीही नसेल. म्हणजे या तिघी बहिणी. हे साम्य आधीही लोकांच्या लक्षात आलं होतं. आपल्या 'क्रिस्तपुराणा'च्या फादर स्टीफन्सने 1583 साली गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनच्या जवळची असल्याचं म्हटलंय. पाँडिचेरीच्या केर्दू या फ्रेंच पाद्र्याने 1767 मध्ये पॅरिसच्या अकादमीला याच विषयावर लिहून पाठवलं. ते छापलं गेलं थेट 1808 मध्ये!

पण साम्य दिसलं म्हणजे शास्त्र झालं असं नाही. त्याच भाषणात जोन्सने चिनी, जपानी आणि पेरूच्या लोकांचंही हिंदूंशी नातं जोडलं होतं. अंदाज पारखायची रीतच नव्हती. ती पुढे बॉप (1816), रास्क (1818) आणि ग्रिम (1822) या युरोपीय भाषा-अभ्यासकांच्या कामातून घडत गेली. सप्त-सात, हस्त-हात, भक्त-भात या जोड्यांत जसा ठरावीक बदल दिसतो, तसाच संस्कृत-लॅटिनच्या 'प'च्या जागी जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन वगैरे) 'फ' येतो. अशा ठरावीक बदलांचा नियम तो ग्रिमचा नियम.

तरीही एक गाठ सुटेना. जर्मन शिकणाऱ्यांनी बघा: पितासाठी 'फाटर', मातासाठी 'मुटर', पण भ्रातासाठी 'ब्रूडर'. मूळचा 'त' तिन्हीकडे एकच, मग दोन ठिकाणी 'ट' आणि एका ठिकाणी 'ड' का? ग्रिमच्या नियमाने याचं उत्तर मिळत नव्हतं. कार्ल व्हेर्नर या डॅनिश अभ्यासकाने 1875 मध्ये ते शोधलं, आणि मला या सगळ्या इतिहासात हाच क्षण सर्वांत सुंदर वाटतो. त्याने वैदिक स्वर, म्हणजे वेद म्हणतानाचे आवाजाचे चढउतार, पाहिले. 'भ्राता'त उदात्त (आघाताचा उंच स्वर) हा 'त'च्या आधी, 'भ्रा'वर आहे. 'पिता' आणि 'माता'त तो नंतर, शेवटच्या अक्षरावर. 'त'चं पुढे काय होणार, ते या आघाताच्या जागेने ठरवलं होतं. जर्मानिक भाषांनी नंतर आघात शब्दाच्या सुरुवातीला आणला आणि कारणच पुसून गेलं. वेद म्हणणाऱ्यांनी मात्र ते पिढ्यान् पिढ्या तोंडी जपलं. संस्कृतचा मोठेपणा सांगायचा तर मी आधी हे सांगेन.

घरी सस्वर छापलेला ऋग्वेद असेल तर पहिलंच सूक्त उघडा. शेवटच्या ऋचेत 'स नः पितेव सूनवे' आहे. त्यातल्या 'पि'खाली आडवी रेघ दिसेल, तो अनुदात्त, म्हणजे खालचा स्वर. पुढच्या 'ते'ला काहीच खूण नाही, तोच उदात्त. 'फाटर'मधला 'ट' याच जागच्या आघातामुळे आलाय.